गाव न देणारा कंट्रोलर

मुरगूडच्या एका शेतकऱ्यानं एकदा बैलाच्या जुवाची शिवळ गोणपाटात गुंडाळून एस.टी.नं कोल्हापूरला पाठवली. विकायला नव्हे, दुरुस्तीला नव्हे, नुसती बघायला. ज्याला ती बघायची होती तो आनंदा कांबळे, स्टँडवरचा आमचा कंट्रोलर. चौकशीच्या खिडकीत बसून गारगोटी कुठं लागली, निपाणी कधी सुटणार, असल्या प्रश्नांची दिवसभर उत्तरं द्यायची ही त्याची नोकरी. आणि आपल्या प्रश्नांची उत्तरं सगळ्या जिल्ह्याकडनं मागवायची हा त्याचा उद्योग.

माझा चहाचा गाडा त्या खिडकीच्या समोर होता. शिवाजी पेठेतनं पहाटे गाडा ढकलत आणायचा आणि दिवस मावळल्यावर परत न्यायचा. म्हणजे आनंदाला मी जितका बघितलाय तितका त्याच्या घरच्यांनीसुद्धा बघितला नसेल. घरी तसं कुणी नव्हतंही. बायको लवकर गेली, पोरगा पुण्याला नोकरीला. म्हणून हे मलाच लिहायला लागतंय. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही पुरतं नव्हे. पण लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही. ज्याला शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं दुसरीकडं जाऊन तपासावं.

तर शिवळ. तेव्हा पेपरात रोज शब्दकोडं यायचं. आता येतं की नाही ठाऊक नाही, मी पेपर सोडला. आनंदा पहिल्या चहाबरोबर पेपर उघडायचा तो थेट कोड्याच्या पानाला. जगात काय घडलंय ते त्याला दुपारी कळायचं. खिडकीच्या गजाला सुतळीनं शिसपेन्सिल बांधलेली असायची. त्या दिवशी कोड्यात विचारलं होतं, जुवाला बैलाच्या मानेच्या दोन्ही अंगाला लावायची खुंटी, अक्षरं तीन. मी गाड्यावरनंच सांगितलं, शिवळ. त्यात काय अवघड आहे? शब्द त्यालाही येत होता, चौकोनात बसतही होता. पण पठ्ठ्या लिहीना.

"बापू, तू बैल जुपलाईस कवा?" त्यानं मला विचारलं.

मी म्हटलं, न्हाई.

"मी बी न्हाई. मग हे उत्तर आपलं न्हवं की. कुणाचं तरी मागून आणाय लागंल."

हे त्याचं कायमचं म्हणणं. उत्तर बरोबर असून भागत नाही, ते कुणाचं तरी असायला लागतं. पुस्तकात बघायचं नाही, अंदाजानं चौकोन भरायचा नाही. ज्याच्या हातातली वस्तू, त्याच्या तोंडातला शब्द. मग तो काय करायचा, तर ज्या गावाला ते माहीत असेल त्या गावाच्या गाडीच्या कंडक्टरला सांगायचा, एवढं विचारून ये. कंडक्टर गाडीत विचारायचा, नाही जमलं तर गावातल्या स्टँडवर विचारायचा, आणि परतीच्या गाडीला उत्तर यायचं. मोबाईल कुठं होते तेव्हा. पण सकाळी गेलेला प्रश्न सांजच्याला उत्तर घेऊन यायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मुरगूडच्या त्या शेतकऱ्याला काय वाटलं देव जाणे. नुसता शब्द पाठवण्यापेक्षा त्यानं जुवाची शिवळच उपसून दिली. निरोप असा होता की हीच ती, सकाळच्या गाडीनं परत धाडा, बैल खोळंबल्यात. आनंदानं ती हातात घेतली. जोताच्या दोरीनं पडलेल्या खाचेवरनं बोट फिरवलं, वास घेतला, आणि मग पेन्सिल उचलून तीन अक्षरं लिहिली. दुसऱ्या दिवशी ड्युटी दुपारची असून पहाटे आला. लगेजची पावती फाडली आणि शिवळ परत मुरगूडच्या गाडीत चढवली. कंडक्टर म्हणाला, लाकडाच्या तुकड्याला कसली पावती साहेब. हा म्हणतो, बैल वाट बघतोय त्याची, गहाळ व्हायला नको.

आणि एवढा खटाटोप करून सुटलेलं कोडं तो पेपराला पाठवायचा का? कधी नाही. बक्षीस असायचं, नाव छापून यायचं. मी म्हणायचो, अरे पाठव की. तो म्हणायचा, "त्यांला कशाला पाठवू? त्यांला उत्तर म्हाईतच हाय."

अंगानं काटकुळा होता. कान मोठे. ऐकताना उजवा कान जरा पुढं करायचा, जसा काही समोरचा माणूस दूध ओतणार आहे आणि हा भांडं धरून उभा आहे. खाकी कपडे कडक इस्त्रीचे. पौर्णिमेला सुट्टी मिळाली तर पांढराधोप शर्ट घालून विहारात जायचा आणि येताना गाड्यावर थांबायचा. त्या दिवशी मात्र कोडं नाही. म्हणायचा, आज डोकं शांत ठेवायचा दिवस हाय. आणि तासाभरानं मलाच विचारायचा, आजच्या पेपरात काय आडवं आलंतं रं?

एकदा रविवारच्या पुरवणीत सामान्यज्ञानाचा प्रश्न आला, उंटाच्या पाठीवरच्या उंचवट्यात काय असतं? सगळं स्टँड म्हणालं, पाणी. मीही म्हणालो. आनंदाचं समाधान होईना, कारण आमच्यापैकी कुणाच्याच दारात उंट नव्हता. योगायोग असा की गावात सर्कस आली होती. हा सुट्टी टाकून तिथं गेला आणि उंटवाल्याला गाठलं. उंटवाला राजस्थानकडचा, त्यानं याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हिंदीत सांगितलं, आम्ही त्याच्यावर बसतो साहेब, कापून कुठं बघितलंय? हे उत्तर आनंदाला फार आवडलं. आठवडाभर ज्याला त्याला सांगत होता, खोटं न बोलणारा माणूस भेटला म्हणून. शेवटी जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, ती चरबी असते. आनंदानं डॉक्टरला विचारलं, तुमी बघितलीय का? डॉक्टर म्हणाला, शिकताना बघितलीय. मग लिहिलं.

त्याला एकदा वरनं मेमोही आला. कशाबद्दल, तर त्यानं भोंग्यावरनं गाड्या पुकारता पुकारता मध्येच पुकारलं, "पेरताना ज्यात बी सोडतात त्या लाकडी वाटीला काय म्हणतात हे कुणा प्रवाशाला ठाऊक असल्यास चौकशी खिडकीशी संपर्क साधावा." खिडकीपुढं रांग लागली. चाडं, चाडं, सगळी म्हणाली. दोन म्हाताऱ्यांत भांडण लागलं, चाडं बाभळीचं चांगलं का सागाचं, आणि त्या नादात एकीची राधानगरी सुटली. मेमोला आनंदानं लेखी उत्तर दिलं की प्रवाशांचा सहभाग उत्तम होता.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण या छंदाच्या बुडाशी एकच प्रश्न होता, आणि तो पेपरातला नव्हता.

त्याचं गाव मुरगूडच्या पलीकडं, आडबाजूला. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. संध्याकाळी चुलीपुढं भाकरी थापता थापता पोरांना हुमाण घालायची. हुमाण म्हणजे तोंडी कोडं, आमच्याकडं सगळ्याच घरांत असायचं ते. पोरं दोन, आनंदा आणि त्याची थोरली बहीण. तिला तो आक्का म्हणायचा. त्यांच्या घरचा नियम असा की उत्तर नाही आलं तर 'हरलो' म्हणायचं आणि एक गाव द्यायचं. गाव मिळाल्याशिवाय आई उत्तर सांगायची नाही. पोरानं मुरगूड दिलं की ती म्हणायची, मुरगूड माझं झालं, मुरगूडचा बाजार माझा, बाजारातला गूळ माझा, गुळावरची माशी तेवढी तुला. मग उत्तर. आणि एकदा दिलेलं गाव त्या पोराला परत देता येत नाही, कारण ते आता आईचं झालेलं.

लहान पोराला गावं ठाऊक असून असून किती असणार? कागल गेलं, निपाणी गेली, कोल्हापूर सुद्धा गेलं. शेवटी आनंदाजवळ एकच गाव उरलं, स्वतःचं. आणि त्याच सुमारास आईनं हे हुमाण घातलं:

येताना रिती, जाताना रिती,
मधल्या वक्ताला भरली किती;
भरली तवा मुकी मुकी,
रिती झाली की बोलती.

आनंदाला येईना. आई म्हणाली, दे गाव. हा म्हणाला, देत न्हाई, उद्या सांगतो. उद्याचा परवा झाला. आई रोज विचारायची, हरलास का? हा रोज मान हलवायचा. त्याच उन्हाळ्यात आईला ताप आला आणि त्यातच ती गेली. हुमाण तसंच राहिलं.

हे त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा स्टँडवर फारसं कुणी नव्हतं, आणि मी ग्लास विसळत होतो. मी म्हटलं, अरे लेकरा, एका गावाचं काय एवढं? आईलाच तर द्यायचं होतं.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "बापू, त्या गावानं आमाला येशीच्या आत कवा घेतलं न्हाई. हिरीवर पाणी दिलं न्हाई. आमचं म्हणून त्यात काय बी न्हवतं. तोंडात नाव तेवढं माझं हुतं. ते बी देऊन टाकू?"

मी कुणाचं सहजासहजी ऐकून घेणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी घेतलं.

तर पंचवीस-तीस वर्षं हा माणूस ते हुमाण घेऊन बसला होता. पेपरातली कोडी हा त्याचा सराव. खरी चौकशी त्या चार ओळींची. कुठलीही म्हातारी खिडकीशी आली, तिला गाडी सांगून झाली, की हा हळूच म्हणायचा, मावशे, एक इचारू का? आणि हुमाण म्हणून दाखवायचा. उत्तरं रगड आली. कंडक्टर लोक म्हणाले, एस.टी.च की, डेपोतनं रिकामी निघती, रिकामी परत येती. आनंदा म्हणाला, भरलेली एस.टी. मुकी असती व्हय रं? एकानं सांगितलं, शाळा. त्यालाही तेच उत्तर. विहारातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, हे माणसाच्या काळजाविषयी आहे, येताना काही आणत नाही, जाताना काही नेत नाही. त्यांच्यापुढं आनंदानं हात जोडले, पण मला मागनं म्हणाला, "आई आसली भाषणातली उत्तरं घालत न्हवती. तिचं उत्तर हाताला लागायचं."

मग मी उत्तर दिलं. सांगतो, कारण ते आजही बरोबर आहे. किटली. पहाटे रिकामी येती, रात्री रिकामी जाती, मधे दिवसभर भरलेली. भरलेली किटली आवाज करत नाही, रिकामी झाली की तिचं झाकण खडखडतं. सगळं बसतं की नाही? आनंदानं डोळे मिटले, चारी ओळी मनातल्या मनात लावून बघितल्या. म्हणाला, "बसतंय. एक नंबर बसतंय. पण बापू, आईच्या घरात किटली न्हवती."

आता यातली खरी गंमत, म्हणजे गंमत तरी कसली. उत्तर कुठं आहे ते सगळ्या स्टँडला ठाऊक होतं. उत्तर जयसिंगपुरात होतं, आक्काच्या घरी. तिकडं दिवसभर गाड्या. आक्का तिथं दिलेली. आनंदाचं म्हणणं, आक्कानं तेव्हाच आईला आपलं गाव दिलं आणि उत्तर घेतलं. ती तसं सांगायचीही. पण याला सांगायची नाही. तिची अट आईचीच. हरलो म्हण, गाव दे. आणि गाव दुसरं चालणार नाही. मी एकदा आनंदाला म्हटलं, तुझ्याजवळ आता गावांना काय तोटा? जिल्ह्याची पाटी तोंडपाठ हाय तुला, दे एखादं आडगाव. तो म्हणाला, आक्का घेत न्हाई. ती म्हणती, हुमाण तवाचं, गाव बी तवाचंच पायजे. आपलंच दे.

लहानपणी हा खेळ होता. पुढं त्याचं भांडण कसं झालं ते मला शिकलगारनं सांगितलं. शिकलगार हा जयसिंगपूरच्या गाडीचा कंडक्टर, आनंदाचा जुना दोस्त. आक्काच्या लेकीचं लग्न होतं. मामा म्हणून आनंदा मानानं गेला होता. पंगत बसली. आक्का वाढायला आली आणि पाव्हण्यांच्या देखत हसत म्हणाली, आमच्या कंट्रोलरसायबाला सगळा जिल्हा इचारतो आन् ह्यो अजून एका हुमाणाला आडलाय, म्हण की लेका हरलो. पंगत हसली. आनंदा ताटावरनं उठला, हात धुतला आणि मिळेल त्या गाडीनं कोल्हापूरला आला. तेव्हापासनं बोलणं बंद. ना तो गेला, ना तिनं बोलावलं. भाऊबीजेला जयसिंगपूरची गाडी लागली की हा चहाला माझ्याकडं यायचा आणि त्या गाडीकडं पाठ करून उभा राहायचा.

माझं म्हणाल तर मला त्याचं चूक वाटत नव्हतं. पंगतीत हसवायचा माणूस म्हणून कुणी मला उभं केलं असतं तर मीही उठलो असतो. पण तो उठला होता भुकेल्या पोटी, बहिणीच्या हातच्या ताटावरनं. ते त्याला सलायचं. शिकलगारच्या गाडीतनं गूळ, शेंगा, काही ना काही जयसिंगपूरला जायचं. नाव सांगायचं नाही अशी ताकीद. आणि आक्का, शिकलगार सांगायचा, पिशवी उघडून बघायची आणि विचारायची, कुणी दिलं ते राहू दे, हरलो म्हणाला का?

असं होता होता एका हिवाळ्यात शिकलगार दुपारच्या गाडीनं आला तो उतरून थेट खिडकीकडं गेला. मी बघत होतो. त्यानं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण आनंदानं समोरच्या बाईला गडहिंग्लजच्या ऐवजी गगनबावड्याची वेळ सांगितली. एवढ्या वर्षांत त्याची ती पहिली चूक. बाई बिचारी निघालीही होती, मी तिला हाक मारून वळवलं.

आक्काला छातीचं दुखणं झालं होतं. दवाखान्यातनं घरी आणली होती, पण डॉक्टरांनी तिच्या मुलाला बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं होतं. आनंदाला निरोप कुणी दिला नव्हता. तिनं देऊ नको म्हणून सांगितलं होतं. शिकलगारनं आपल्या अंगावर घेऊन सांगितलं.

आनंदा गाड्याशी आला. चहा घेतला नाही. मी म्हटलं, जा.

तो म्हणाला, "जातो की. जाऊन बसतो. इचारपूस करतो."

मी म्हटलं, "नुसता बसून येणार आसशील तर जाऊ नगंस. ती हरलास का म्हणून इचारणार. तवा काय करणार?"

"आजारी बाईबरं कसला खेळ, बापू."

"खेळ आसता तर तू जेवून उठला आसतास," मी म्हटलं.

त्याला लागलं. लागावं म्हणूनच बोललो होतो. तो माझ्याकडं बघत राहिला. त्याचा उजवा कान पुढं होता, म्हणजे आणखी काही ऐकायचं होतं त्याला. पण मी स्टोव्हला पंप मारायला लागलो. माणसाला एका वेळी एवढंच सांगावं.

शिकलगारच्याच परतीच्या गाडीनं तो गेला. ड्युटीतनं सुटी न मागता कधी न हललेला माणूस, दुसऱ्याला खिडकीत बसवून गेला. जाताना त्याच्या हातात काहीही नव्हतं. गूळ नाही, शेंगा नाहीत.

दुसऱ्या दिवशी आला तो दुपारी. तोंड ओढलेलं, पण डोळे बरे दिसले. मी चहा पुढं केला. त्यानं बशीत ओतला आणि आपण होऊन सांगायला लागला. एरवी तो मुद्द्याला लवकर येत नसे.

आक्का खाटेवर होती. ह्याला बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. हा पायाशी बसला. मग भिंतीकडं तोंड ठेवूनच तिनं विचारलं, हरलास का?

"मी म्हणलो, हरलो आक्का."

मी कापडानं गाडा पुसत होतो, हात थांबला माझा.

"ती वळली. म्हणली, गाव? मी म्हणलो, घे. आपलं गाव घे. म्हणली, नाव घिऊन सांग. मी नाव घिऊन दिलं."

"मग?"

"मग ती रडाय लागली. आन् म्हणली, आंदा, मला बी म्हाईत न्हाई रं."

मला आधी उमगलंच नाही. मग त्यानं उलगडून सांगितलं. आक्कानंही तेव्हा आईला गाव दिलेलं नव्हतं. तिच्याजवळही तेच एक उरलं होतं, दोघांचं एकच तर गाव. तिनंही उद्या सांगते म्हटलं होतं. आई गेल्यावर धाकटा भाऊ रोज विचारायला लागला, तुला ठाऊक हाय का, तुला ठाऊक हाय का. काही तरी आईजवळचं आपल्याकडं आहे असं त्याला वाटावं म्हणून ती व्हय म्हणाली. एकदा व्हय म्हटल्यावर मागं कसं यायचं? त्यानं हरलो म्हणू नये अशीच तिची इच्छा होती. म्हणून अट अशी घातली की जी तो कधी पाळणार नाही. पंगतीत बोलली तेही त्याचसाठी, तो चिडून जाईल आणि विषय तुटेल. तो इतका चिडेल हे तिच्या हिशोबात नव्हतं.

मी विचारलं, "मग तू चिडलास का?"

"चिडायला आत काय ऱ्हायलंच न्हवतं." त्यानं बशी ओठाला लावली, परत खाली घेतली. "दोघं बी आईपुढं हरलो न्हाई म्हणून बसलो, बापू. बिचारी वाट बघत गेली."

आता खेळाचा नियम मला एवढे दिवस ऐकून पाठ झाला होता. उत्तर मिळालं नाही तर गाव द्यायचं कशाला? मी म्हटलं, मग गाव परत घेतलंस की न्हाई?

"न्हाई घेतलं," आनंदा म्हणाला. "ऱ्हाऊ दे तिच्याजवळ. कुणाचं तरी असाय पायजे की ते."

आक्का सावरली. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून बरीच वर्षं ती जगली, बायका अशा बाबतीत डॉक्टरांचं ऐकत नाहीत. आनंदा दर सुट्टीला जयसिंगपूरला. येताना तिच्या हातचं काहीतरी बांधून आणायचा, खारी शेंग, नाहीतर दामट्या, आणि अर्धं माझ्या गाड्यावर ठेवायचा. आता हुमाणाची चौकशी दोन्हीकडनं सुरू झाली. आक्का तिकडं बाजारात बसून कर्नाटकातनं आलेल्या बायकांना विचारायची, हा इकडं खिडकीत. तिकडचं उत्तर शिकलगारच्या गाडीनं इकडं यायचं आणि इकडचं तिकडं जायचं. कणगी आली, मोट आली, बाळंतिणीची खोली आली. दोघं मिळून प्रत्येक उत्तर नापास करायचे. मला कधी कधी वाटायचं, यांना उत्तर नकोच आहे. पण तसं मी बोललो नाही, आणि तसं नव्हतंही. एखादं उत्तर जवळ आलं की आनंदाचा चेहरा असा व्हायचा, की जशी घरातनं कुणी हाक मारलीय.

मग तो रिटायर झाला. सत्कार झाला, नारळ-शाल झाली, साहेब चार शब्द बोलले, त्यात कोड्यांचा उल्लेख नव्हता. पोरगा पुण्याला चल म्हणत होता. आनंदानं त्याला सांगितलं की तिकडं मला कुणी काही विचारणार न्हाई आन् मी बी कुणाला विचारू शकणार न्हाई. तो जयसिंगपूरला आक्काकडं राहायला गेला.

पुढचं शिकलगारकडनं कळत राहिलं. आधी आक्का गेली. त्यानंतर दोन पावसाळे काढून आनंदा. मला कळायला उशीर झाला, शिकलगार तोवर बदलून दुसऱ्या डेपोला गेला होता. मी मातीला जाऊ शकलो नाही. उत्तर मिळालं का, हे शिकलगारलाही सांगता आलं नाही. त्या दोघांनंतर ते विचारायचं कुणाला? किटली, असं माझं मत आहे. माझ्यापाशी उत्तर आहे आणि ते खोडून काढणारा माणूस नाही. उत्तर असूनसुद्धा इतकं एकटं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं.

तो जयसिंगपूरला कायमचा निघाला तो दिवस मला दिसतो. एक ट्रंक, एक वळकटी. ट्रंक टपावर चढवली. मला वाटलं होतं गाड्याशी येईल, उभ्यानं चहा घेईल, काहीतरी बोलेल. मी त्याचा चहा गाळून ठेवला, त्याला लागतो तसा कडक, साखर कमी. पण स्टँडवरची पोरं, हमाल, ड्रायव्हर, सगळ्यांनी त्याला घेरला आणि हाताला धरून गाडीत बसवलं. खिडकीची जागा दिली. गाडी सुरू झाली तेव्हा मी ग्लास घेऊन जवळ जवळ पळत गेलो. ह्या वयात पळणं शोभत नाही, पण गेलो.

गाडी फलाटावरनं मागं आली, वळली, त्याची खिडकी माझ्या समोरनं गेली. शेजारी इरकल नेसलेली एक म्हातारी बसली होती, पदर तोंडाला लावून हसत काहीतरी सांगत होती. मी हात वर केला. आनंदानं बघितलं नाही. त्याचा उजवा कान त्या म्हातारीकडं पुढं झाला होता, डोळे मिटलेले, आणि ओठ हलत होते. चारी ओळी लावून बघत होता.